नॉन-न्यूक्लिअर गेजने मातीची डेन्सिटी आणि मॉइश्चर कसं मोजायचं, साइटवरच्या माणसासाठी सविस्तर

सबग्रेडचा, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या मातीचा, लेअर रोल करून झाला की सगळे लॅबवाल्याकडे बघायला लागतात, डेन्सिटी आली का, पुढचा लेअर टाकू का. आणि आपण तिकडे सँड रिप्लेसमेंटसाठी (खड्डा खणून, वाळूने भरून डेन्सिटी काढायची पद्धत) उन्हात गुडघ्यावर बसून ट्रेच्या भोकातून १०० मिमी व्यासाचा, १५० मिमी खोल खड्डा छिन्नीने कोरतोय, मुरमातला एक दगड निघता निघत नाहीये, बाजूने व्हायब्रेटरी रोलर चालू आहे आणि ऑपरेटरला हात करून थांबवायला लागतंय, कारण हादऱ्याने खड्ड्यात वाळू जास्त बसते, खड्डा मोठा वाटतो आणि डेन्सिटी उगाच कमी येते. एका पॉइंटला अर्धा-पाऊण तास जातो, वर मॉइश्चरचा ओव्हन रिझल्ट दुसऱ्या दिवशी. म्हणून नॉन-न्यूक्लिअर गेज साइटवर आलं की सगळ्यांना वाटतं सुटलो एकदाचे, मिनिटभरात आकडा मिळणार. आकडा मिळतो खरं, पण तो बरोबर यायला आधी जे काम करावं लागतं ते बहुतेक ठिकाणी होतच नाही, त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

पहिली गोष्ट, गेज माती तोलत नाही. सँड रिप्लेसमेंटमध्ये आपण खरंच माती काढतो, वजन करतो, खड्ड्याचं व्हॉल्यूम काढतो. गेज फक्त मातीत विजेचा सिग्नल सोडून माती त्याला कसा प्रतिसाद देते ते बघतं आणि त्यावरून डेन्सिटीचा अंदाज बांधतं. हवेचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट १, मातीच्या कोरड्या कणांचा साधारण ४ च्या आसपास, आणि पाण्याचा ८० च्या जवळ. रोलिंगने पोकळीतली हवा जाते आणि कण जवळ येतात तेव्हा सिग्नल थोडासाच बदलतो, पण पाणी एक-दोन टक्के वाढलं तर खूप बदलतो. म्हणजे गेजला पाणी ठळक दिसतं आणि डेन्सिटी अंधुक दिसते. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढची प्रत्येक काळजी का घ्यायची ते आपोआप कळतं.

आपल्या साइटवर येऊ शकतात असे दोन प्रकार आहेत. एक प्लेटवालं, उदाहरणार्थ ट्रान्सटेकचं एसडीजी २००, जे नुसतं जमिनीवर ठेवायचं, खड्डा नाही, खिळा नाही, याची पद्धत एएसटीएम डी ७८३० मध्ये आहे. दुसरं इलेक्ट्रिकल डेन्सिटी गेज, त्यात चार निमुळते स्टीलचे खिळे चौकोनात ठोकायचे, समोरासमोरच्या खिळ्यांना केबल लावून रीडिंग घ्यायचं, मातीचं तापमान वेगळ्या प्रोबने घ्यायचं, याचा नंबर डी ७६९८. खिळेवाल्यात खिळा जेवढा खोल तेवढी खोली मोजली जाते, त्यामुळे लेअरवर पकड चांगली, पण दगडी मुरमात खिळा सरळ जाईल याची खात्री नाही. मी पुढे जास्त करून प्लेटवाल्याबद्दलच लिहितोय, तत्त्व दोन्हीकडे तेच. आणि डीसीपी (डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर) किंवा लाइट वेट डिफ्लेक्टोमीटर यांना यात मिसळू नका, ती ताकद आणि ताठरपणा मोजतात, डेन्सिटी नाही.

न्यूक्लिअर गेज का नाही असं कोणी विचारतं. ते मशीन चांगलंच आहे, पण त्यात सीझियम १३७ आणि अमेरिशियम-बेरिलियमचा रेडिओॲक्टिव्ह सोर्स असतो, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी लागते, ट्रेनिंग घेतलेला माणूस, टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सर्ग आला ते मोजणारा), कुलूपबंद स्टोअर, ने-आण करायचे वेगळे नियम. छोट्या कंत्राटात हे सगळं सांभाळणं जड जातं, आणि सोर्स हरवला तर प्रकरण फार गंभीर. नॉन-न्यूक्लिअरमध्ये यातलं काहीच नाही, गाडीच्या डिकीत टाका आणि निघा.

आधी लॅब, मग साइट

गेज ऑन करायच्या आधी प्रत्येक मातीची पूर्ण ओळख हातात पाहिजे. प्रत्येक मातीची म्हणजे प्रत्येक बॉरो एरियाची (जिथून माती खणून आणतो ती जागा) वेगळी, आणि एकाच खाणीत वरचा मुरूम पिवळा आणि खालचा तांबडा असेल तर त्या दोन माती धरा. लागतं काय तर चाळणी टेस्ट (ग्रॅव्हल किती, सँड किती, फाइन्स म्हणजे बारीक कण किती), लिक्विड लिमिट, प्लास्टिक लिमिट, आणि प्रॉक्टर टेस्टचे एमडीडी-ओएमसी (लॅबमध्ये मिळणारी जास्तीत जास्त ड्राय डेन्सिटी, आणि ती ज्या मॉइश्चरला मिळते ते मॉइश्चर). सबग्रेड असेल तर प्रॉक्टर हेवीच, म्हणजे आयएस २७२० भाग ८, ४.९ किलोचा रॅमर, ४५० मिमी ड्रॉप, पाच लेअर. कोणीतरी चुकून भाग ७ च्या लाइट प्रॉक्टरचा एमडीडी टाकून ठेवतं, तो कमी असतो, आणि मग साइटवर सगळीकडे १०० टक्क्यांच्या वर येतं आणि सगळे खूश. १०२, १०३ टक्के सारखे दिसायला लागले की आनंद मानू नका, पहिले एमडीडी कुठला टाकलाय ते बघा.

प्लेटवाल्या गेजमध्ये ही सगळी माहिती मातीचं नाव देऊन भरायची. नाव असं द्या की सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसालाही कळेल, 'मुरूम १' असं नको, खाणीचं गाव, थर आणि तारीख टाका.

कोरिलेशन, इथे दोन दिवस गेले तरी चालेल

कोरिलेशन म्हणजे गेजचे आकडे सँड रिप्लेसमेंट आणि ओव्हनच्या आकड्यांशी जुळवून बघणं. त्यासाठी ट्रायल पट्टा करा, लांबी शंभर मीटर मिळाली तर उत्तम. पट्ट्यावर मुद्दाम वेगवेगळी अवस्था ठेवा, काही भागात रोलरचे चार पास, काही भागात सहा, काही भागात आठ, आणि एक कोपरा थोडा ओला, एक थोडा कोरडा. सगळे पॉइंट एकाच अवस्थेचे घेतले तर गेज त्या एकाच अवस्थेत बरोबर असतं, आणि साइटवर तर आपल्याला नेमका खराब पॉइंटच ओळखायचा असतो.

पाच पॉइंट तरी घ्या, मी दहा घेतो. प्रत्येक ठिकाणी आधी गेज, मग त्याच जागेच्या मधोमध सँड रिप्लेसमेंट, आणि खड्ड्यातून निघालेल्या सगळ्या मातीतून मॉइश्चर सँपल घेऊन ओव्हनमध्ये १०५ ते ११० डिग्रीला २४ तास. कोअर कटर (मातीत ठोकून सँपल काढायची स्टीलची नळी) काळ्या मातीत किंवा बारीक मातीत चालेल, दगडी मुरमात नाही, कडा वाकते आणि सँपल मोडतं.

इथे एक चूक फार होते. ओव्हनची वाट बघायला नको म्हणून रॅपिड मॉइश्चर मीटर वापरतात, कार्बाइडवालं, आणि डायलवरचा आकडा तसाच लिहितात. तो आकडा ओल्या वजनावरचा असतो, आपल्याला कोरड्या वजनावरचा पाहिजे. डायल १२ दाखवत असेल तर १२ भागिले ८८, म्हणजे १३.६ टक्के. कोरिलेशनमध्येच हा दीड टक्का चुकला तर पुढे शंभर रीडिंग चुकीची जातात. कोरिलेशनसाठी ओव्हनच वापरा.

मग शेजारी शेजारी मांडा. समजा पाच पॉइंटला गेजची वेट डेन्सिटी (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरमध्ये) आली २.०१, २.०४, १.९८, २.०६, २.०२ आणि सँड रिप्लेसमेंटची आली २.०६, २.०८, २.०३, २.११, २.०६. फरक ०.०५, ०.०४, ०.०५, ०.०५, ०.०४, सरासरी ०.०४६. मॉइश्चर गेजचं ९.८, १०.४, ९.५, १०.९, १०.२ आणि ओव्हनचं १०.९, ११.६, १०.४, १२.१, ११.३, सरासरी फरक १.१. असे फरक एकसारखे, एकाच दिशेचे आले की समजायचं गेज या मातीला नीट वाचतंय, फक्त सरकून वाचतंय, तर वेट डेन्सिटीला अधिक ०.०४६ आणि मॉइश्चरला अधिक १.१ असा ऑफसेट टाकून मोकळे व्हा. पण फरक एका ठिकाणी अधिक ०.०८, दुसरीकडे उणे ०.०५, तिसरीकडे शून्य असा नाचत असेल तर सरासरी काढून ऑफसेट टाकू नका. सरासरी छान दिसेल आणि प्रत्येक रीडिंग खोटं असेल. अशा वेळी एक तर मातीत माती मिसळलीय, नाहीतर सँड रिप्लेसमेंट नीट झालं नाही (वाळूचं कॅलिब्रेशन कधी केलं होतं ते बघा, वाळू ओलसर झाली का बघा), नाहीतर ही माती गेजला मानवत नाही.

रीडिंग कसं घ्यायचं

रोलिंग संपल्यावर लगेच घ्या. विदर्भात एप्रिल-मेमध्ये वरचा दोन सेंटीमीटरचा थर अर्ध्या तासात वाळून पांढरा पडतो आणि प्लेटवाल्या गेजवर वरच्या थराचा प्रभाव सगळ्यात जास्त, मग गेज कोरडं दाखवतं आणि खाली माती ओलीच. उशीर झालाच तर तो वाळलेला थर फावड्याने खरवडून काढा आणि खाली ताज्या मातीवर ठेवा.

जागा सपाट पाहिजे, पाट्याने किंवा स्टीलच्या सरळ पट्टीने घासून घ्या. प्लेट आणि माती यांच्यात फट राहिली की तिथे हवा, आणि हवा म्हणजे गेजला सैल माती. छोटे खळगे त्याच मातीच्या बारीक चुऱ्याने भरून हलकं दाबा, पण थर होईल इतकं टाकू नका, फक्त खळगे. रोलरच्या ड्रमने उठलेली पापुद्र्यासारखी खपली असते ती काढून टाका. टँकरने आत्ताच पाणी मारलं असेल आणि वर चकाकी दिसत असेल तर थांबा, मुरलं की घ्या.

गेज ठेवलं की हाताने दाबायचं नाही, हलतंय का बघायचं, डुगडुगत असेल तर जागा परत घासा. पॉइंटला एकच रीडिंग घ्यायचं नाही. आधी मधोमध एक, मग गेज थोडं सरकवत चार दिशांना चार, फुलाच्या पाकळ्यांसारखं, अशी पाच रीडिंग आणि त्यांची सरासरी. पाचातलं एखादं फार वेगळं आलं तर तिथे खाली मोठा दगड किंवा पोकळी असू शकते, ते पुसून न टाकता लिहून ठेवा आणि जरा बाजूला नवा सेट घ्या. मोबाइल, वॉकीटॉकी, फावडं, पहार सगळं बाजूला. हे जरा अतिरेकी वाटतं, पण स्टील जवळ असलं की विजेचं क्षेत्र बिघडतं, म्हणून बॉक्स कल्व्हर्टच्या स्लॅबवर, ह्यूम पाइपच्या वर पातळ भराव असेल तिथे, किंवा रिटेनिंग वॉलला चिकटून बॅकफिल असेल तिथे मी गेज वापरतच नाही, सरळ सँड रिप्लेसमेंट.

चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), लेअर नंबर, डावी-उजवी बाजू, वेळ, मातीचं नाव, रोलरचे पास आणि हवा हे सगळं तिथल्या तिथे लिहा. संध्याकाळी ऑफिसात बसून आठवून लिहिलेलं रजिस्टर कोणी विचारलं की उघडं पडतं.

आकडा आला, आता तपासा

गेजने वेट डेन्सिटी २.०५ आणि मॉइश्चर ११.२ दिलं (ऑफसेट धरून) तर ड्राय डेन्सिटी २.०५ भागिले १.११२, म्हणजे १.८४४. एमडीडी १.९० असेल तर ९७ टक्के, सबग्रेडला पाहिजे तेवढं बरोबर काठावर. आता वेट डेन्सिटी तीच ठेवून मॉइश्चर दोन टक्के चुकवून बघा. ९.२ धरलं तर ड्राय होते १.८७७ म्हणजे ९८.८ टक्के, आणि १३.२ धरलं तर १.८११ म्हणजे ९५.३ टक्के. जमीन तीच, रोलर तोच, फक्त मॉइश्चरच्या चुकीने पास की फेल ठरलं. म्हणून मी रोज सकाळी पहिल्या पॉइंटला आणि दुपारी एकदा ओव्हनसाठी सँपल काढतोच, गेज कितीही भरवशाचं वाटलं तरी.

दुसरी तपासणी फुकट आहे आणि फार कमी लोक करतात. मातीचं स्पेसिफिक ग्रॅव्हिटी माहीत असेल, समजा २.७०, तर त्या मॉइश्चरला जास्तीत जास्त किती ड्राय डेन्सिटी शक्य आहे ते काढता येतं, २.७० भागिले (१ अधिक २.७० गुणिले मॉइश्चर), मॉइश्चर दशांशात, म्हणजे १८ टक्के असेल तर ०.१८. १८ टक्के मॉइश्चरला ते येतं १.८१७, म्हणजे पोकळीत हवेचा एक थेंबही उरला नाही तरी याच्या वर जाऊच शकत नाही. गेज १८ टक्के आणि १.८५ दाखवत असेल तर ते अशक्य आहे, दोनपैकी एक आकडा चूक. असा पॉइंट पास म्हणून लिहू नका.

आणि मॉइश्चर नुसतं भागाकारासाठी नाही. मॉर्थच्या (केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय) स्पेसिफिकेशनप्रमाणे भरावाची माती ओएमसीच्या १ टक्का वर ते २ टक्के खाली या पट्ट्यात पाहिजे. रोलर लावायच्या आधी पसरलेल्या मातीवर गेज ठेवून उपयोग नाही, सैल मातीत फटीच फटी, तिथे रॅपिड मॉइश्चर मीटरच बरं.

कुठे फसतं

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण यातून मी सगळ्यात जास्त शिकलो. एका सबग्रेडच्या कामावर कोरिलेशन अगदी मनापासून केलेलं, तीन आठवडे सगळं छान. मग मूळ खाण संपत आली आणि डंपर दुसऱ्या खाणीतून यायला लागले, रंग जवळपास तोच, कोणी लॅबला सांगितलं नाही आणि मीही डंपर कुठून येतोय ते विचारलं नाही. गेज सलग ९८, ९९ टक्के दाखवत होतं. चौथ्या दिवशी नेहमीचं सँड रिप्लेसमेंट लावलं तर ९४. परत केलं, परत ९४. नव्या मुरमात फाइन्स जास्त, प्लास्टिसिटी जास्त, ओएमसीच वेगळा, आणि गेज जुन्याच मातीच्या हिशोबाने वाचत होतं. तीन दिवसांचं काम उखडून परत ओलवून रोल करावं लागलं. तेव्हापासून सकाळी गेटवर जाऊन पहिल्या डंपरची माती हातात घेऊन बघतो, चोळून बघतो, आणि जरा शंका आली की त्या दिवशी गेज बाजूला.

काळ्या मातीत जपून. तिच्या बारीक कणांना चिकटून बसलेलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही, गेज मॉइश्चर चुकवतं, आणि ओलं-कोरडं दोन्हीकडे एकच ऑफसेट चालत नाही. तिथे ऑफसेट काढताना मॉइश्चरची रेंज छोटी ठेवा. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात काम असेल तर अजून एक गोष्ट, मातीतले क्षार आणि टँकरमध्ये भरलेलं बोअरचं खारं पाणी यामुळे माती वीज जास्त वाहते आणि सिग्नल बदलतो. कोरिलेशन करताना नदीचं पाणी आणि कामाच्या वेळी बोअरचं, असं करू नका, टँकर जिथून भरणार तिथलंच पाणी ट्रायल पट्ट्याला मारा. कोकणातल्या जांभ्याच्या मुरमाला देशावरच्या मुरमाचं कोरिलेशन कधीच लावू नका. चुना किंवा सिमेंट मिसळलेल्या मातीत तर रिॲक्शन चालू असते, सकाळचा आणि संध्याकाळचा सिग्नल वेगळा, तिथे मी गेजच्या भरवशावर पास-फेल देत नाही.

स्वीकारायचं कशावर

मॉर्थच्या स्पेसिफिकेशनमध्ये डेन्सिटीसाठी आयएस २७२० भाग २८ लिहिलंय, म्हणजे सँड रिप्लेसमेंट, त्यामुळे गेजचे आकडे थेट बिलाच्या फाइलला लावायचे नाहीत. कन्सल्टंटला कोरिलेशनचा तक्ता दाखवून गेज कुठे आणि कसं वापरणार ते लेखी मान्य करून घ्या. माझी पद्धत अशी, सबग्रेडला ठरलेल्या क्षेत्रफळामागे टेस्ट लागते आणि सेट दहाचा असतो, ते दहा मी नेहमीच्याच पद्धतीने करतो, पण त्याच्या आधी पूर्ण पट्ट्यावर दर दहा-पंधरा मीटरला गेज फिरवतो, कडांना जास्त, कारण रोलर कडेला जायला कचरतो आणि सैल भाग तिथेच सापडतात. जिथे कमी येतं तिथे रोलरचे दोन पास अजून मारून घेतो, मॉइश्चर कमी असेल तर नुसतं रोलिंग न करता पाणी देऊन. मग रँडम पॉइंट काढून सँड रिप्लेसमेंट. फेल व्हायचं प्रमाण एकदम कमी होतं.

हे का महत्त्वाचं ते हिशोबात दिसतं. नुसती सरासरी ९७ टक्के आली म्हणून सेट पास होत नाही. सरासरी ही ठरलेल्या डेन्सिटीपेक्षा (१.६५ वजा १.६५ भागिले नमुन्यांच्या संख्येचं वर्गमूळ) गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन इतकी जास्त पाहिजे. दहा टेस्टला तो कंस येतो १.१२८. एमडीडी १.९० चे ९७ टक्के म्हणजे १.८४३, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०२ असेल तर सरासरी किमान १.८६६ लागते. विखुरणं ०.०१ वर आणलं तर १.८५४ ला भागतं. म्हणजे सगळीकडे जास्त रोलिंग करण्यापेक्षा सैल जागा शोधून सारखं करणं स्वस्त पडतं, आणि सैल जागा शोधण्यात या गेजचा हात कोणी धरू शकत नाही.

देखभालीचं थोडक्यात. प्लेट रोज ओल्या फडक्याने पुसा, चिकटलेली माती घासून काढायला तारेचा ब्रश वापरू नका. उन्हात बोनेटवर ठेवू नका, सावलीत राहू द्या, आणि सकाळी ऑन करून थोडा वेळ जाऊ द्या मगच पहिलं रीडिंग. साइट लॅबच्या बाहेर एक जागा पक्की करा, फरशी किंवा काँक्रीटचा ठोकळा, खाली सळई नसलेला, पत्र्याखाली कोरडा राहील असा, रोज कामावर निघायच्या आधी तिथे रीडिंग घेऊन वहीत लिहा. हा आकडा मातीचा नसल्यामुळे त्याचा अर्थ लावायचा नाही, फक्त कालच्यापेक्षा बदलला का ते बघायचं. एखाद्या दिवशी एकदम सरकला तर त्या दिवशी गेज गाडीत घालू नका, बॅटरी फुल चार्ज करा, प्लेट पुसा, परत बघा, आणि तरीही तसाच असेल तर कालची रीडिंगही सँड रिप्लेसमेंटने तपासून घ्या.